उद्या वारा आहे का?

३ एप्रिल, गुरुवार

टीव्ही लायसन्सवाल्यांचं पत्र आलं. वर्षाचे पावणेदोनशे पौंड भरा, नाहीतर बघणं बंद करा, असं अगदी गोड भाषेत लिहिलंय. पंचाहत्तरी झाली तेव्हा हेच लायसन्स मला फुकट मिळालं होतं. म्हातारपणाचा मान म्हणे. वर्षभरात तो मान परत काढून घेतला. तेव्हापासून दर वसंतात दातओठ खात भरत आलोय. या वेळी भरणार नाही. गॅसच्या बिलाने कंबर मोडलीच आहे, पण प्रश्न तेवढाच नाही. आमच्या टॉडमॉर्डन गावातल्या निम्म्या छपरांवर या आर्नल्ड हॉर्सफॉलने आपल्या हाताने अँटेना चढवल्या. घराघरांत चित्र मी पोचवलं, आणि आता ते बघायला मीच पैसे मोजू?

लिनेटला फोनवर सांगितलं तर मुलगी बापालाच शिकवायला लागली. "बाबा, पेन्शन क्रेडिटचा अर्ज कर ना, कमी पेन्शनवाल्यांना सरकार वर पैसे देतं त्याचा. तो मंजूर झाला की लायसन्स आपोआप फुकट."

"मी कुणापुढे हात पसरणार नाही," मी म्हटलं.

"हात पसरणं कसलं त्यात? हक्काचं आहे तुझ्या."

"हक्काचं होतं तेव्हा काढून घेतलं. आता भीक म्हणून नको."

तिने फोनवर उसासा टाकला. लीड्सहून टाकलेला उसासासुद्धा स्पष्ट ऐकू येतो हल्ली.

आणि बघतं तरी कोण टीव्ही? मी नाही. माझी बायको मेव्हिस बघते, आणि तीही साडेसहाच्या आपल्या भागातल्या बातम्या, आणि त्यातही शेवटचं हवामान. तो ट्रेव्हर लमली आला की ती सरसावून बसते. "काय ट्रेव्हर, उद्या वारा आहे का?" अशी सरळ विचारते त्याला. तो नकाशावर हात फिरवतो, ही मान डोलावते. "बरं झालं सांगितलंत," म्हणते, आणि शेवटी गुडनाइट. डॉक्टर म्हणतात तिची स्मृती चाललीय. परवा मला तिने विचारलं, तुम्ही बॉयलर बघायला आलात का? ट्रेव्हरचं नाव मात्र बरं आठवतं!


७ एप्रिल, सोमवार

लायसन्स रद्द केलं. नियम नीट वाचले. चालू कार्यक्रम, कुठल्याही वाहिनीवरचा, बघायचा नाही. जुन्या टेपा, डीव्हीडी बघायला कुणाची हरकत नाही. म्हणजे पैसेही भरायचे नाहीत आणि कायदाही मोडायचा नाही, दोन्ही जमतं.

चोरून बघणं माझ्याने व्हायचं नाही. आमच्या वेळी लायसन्स नसलेली घरं शोधायची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली की घरांची अख्खी रांग पडदे ओढून आवाज बारीक करायची. माझी सासू तर टीव्ही संचावर चादर टाकून त्याच्यावर फुलदाणी ठेवायची. मी पोट धरून हसायचो. आता या वयात फुलदाणी ठेवत बसू का?


११ एप्रिल, शुक्रवार

अँटेना काढली. नुसती वायर उपटून भागलं असतं, पण उद्या कुणी बोट दाखवायला नको. शेजारची नसरीन शिडी धरून उभी होती आणि पूर्ण वेळ ओरडत होती. "अंकल, ऐंशी वर्षांचे आहात! खाली या!" ऐंशी झाली म्हणून काय झालं. या खोऱ्यात आमच्या धंद्यातले किती जण पडले, दोघे तर गेले. मी एकदाही पडलो नाही. मला वाऱ्याचा अंदाज होता. सकाळी दाराबाहेर पाऊल टाकलं की कळायचं, आज डोंगराच्या बाजूची कामं नकोत, बाजारातली उरकून घ्यावीत. हे अंगात असावं लागतं.

मेव्हिसने तमाशा केला. अंगणात येऊन वर बघत रडायलाच लागली. "उतर! उतर खाली! तू विचारलंस का? तू विचारलंच नाहीस!" काय विचारायचं होतं मी, आणि कुणाला? समोरच्या खिडक्यांतून माणसं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नसरीनने तिला आत नेऊन चहा दिला.

उतरताना दोनदा थांबून शिडी धरावी लागली, हे मात्र खरं.


१४ एप्रिल, सोमवार

साडेसहाला मेव्हिस काळ्या काचेसमोर जाऊन बसली.

"आज ट्रेव्हर उशीर करतोय," म्हणाली.

मी सांगितलं, ट्रेव्हर यायचा नाही आता. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याला कुठे नेऊन पुरलंय. मग मी तिला पत्ते खेळूया म्हटलं, जुना अल्बम काढला, केक कापला. पाच मिनिटं माझ्याकडे, आणि परत काचेकडे. साठाव्या वर्षाकडे झुकलेला संसार आहे आमचा. एका संध्याकाळपुरता मी पुरू नये का?


२० एप्रिल, ईस्टर

लिनेट आली होती. मेव्हिसने कोकराच्या मटणाला हात लावला नाही. बटाटे ताटभर फिरवत राहिली. लिनेट निघताना दारात म्हणाली, "आई वाळत चाललीय, बाबा. दिवस कुठला, वेळ कुठली, काही कळत नाही तिला. तिच्या दिवसाला तेवढीच एक खुंटी होती, ती तू उपटलीस."

"खुंटी! एका टकल्याने ढग दाखवले नाहीत तर तुझी आई उपाशी राहणार?"

"तू त्या टकल्यावर का जळतोस रे?"

अशी बोलते ही. पन्नाशी उलटली तरी जीभ शाळेतलीच. मी जळत नाही. मी फक्त म्हणतो की बाईने आपल्या नवऱ्यालाही कधी गुडनाइट म्हणावं.


२३ एप्रिल, बुधवार

एक युक्ती सुचली आणि स्वतःवरच खूश झालो. लिनेट शाळेत असताना त्यांचा पितळी वाद्यांचा बँड स्थानिक बातम्यांत दाखवला होता. मी अख्ख्या बातम्या टेपवर घेतल्या होत्या, थेट हवामानापर्यंत. टेप माळ्यावर सापडली. टेपचं यंत्र माझ्याच हातचं दुरुस्त केलेलं, कुरकुर न करता चाललं.

साडेसहाला लावली. मेव्हिसचा चेहरा उजळला! बँडमध्ये लिनेट दिसली ती तिला ओळखू आली नाही, पण शेवटी ट्रेव्हर आला आणि ती टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली. टेपवर ट्रेव्हरला डोकंभर केस आहेत, तिला काही फरक पडला नाही.

"काय ट्रेव्हर, उद्या वारा आहे का?"

तर तो म्हणाला, उद्या डोंगराळ भागात वादळी वारे, घराबाहेर पडू नका. मेव्हिस गंभीर झाली. "बरं झालं सांगितलंत." मग ताटातलं सगळं संपवलं.

मी जिंकलो. लायसन्सशिवाय, एक पेनी न देता, कायद्यात राहून जिंकलो.


२ मे, शुक्रवार

टेप रोज चालते. मेव्हिस जेवते. पण नवीनच खुळं सुरू झाली आहेत. सकाळी माझे बूट सापडेनात. शेवटी ओव्हनमध्ये मिळाले. काल शेडची किल्ली गायब, शिडी आहे त्या शेडची. ती पिठाच्या डब्यात निघाली. विचारलं तर ओठ घट्ट मिटते. मी कोट घालायला लागलो की बाही पकडून ठेवते, आणि पकड अशी की बोटं एकेक करून सोडवावी लागतात.

"मेव्हिस, ब्रेड आणायचाय फक्त."

"आज नको."

"का नको?"

"ऐकलंस ना तू काल?"

काय ऐकलं मी काल? काल तर दिवसभर घरात शब्द नव्हता. डॉक्टरांकडून औषध वाढवून घ्यायला पाहिजे.


९ मे, शुक्रवार

लायसन्सचा माणूस आला. नेमका साडेसहाला, आत टेप चालू असताना. रेनकोट घातलेला, पन्नाशीचा, चेहरा दमलेला. लोक याला उंबऱ्यावरूनच हाकलतात आणि तसा त्यांना हक्कही आहे. पण लपवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? मी म्हटलं, आत या, चहा घ्या.

आत आला आणि पडद्यावर स्थानिक बातम्या! त्याचा चेहरा पडला. मला वाटतं चहाला हो म्हटल्याचं त्याला वाईट वाटलं. "मिस्टर हॉर्सफॉल, मला सांगणं भाग आहे, यापुढे तुम्ही जे बोलाल ते..."

"अहो, थांबा थांबा. त्याचे केस बघा!"

"कुणाचे?"

"ट्रेव्हरचे! बघा ना नीट!"

त्याने चष्मा पुसून बघितलं, आणि मग असा हसला की कप हिंदकळला. मी त्याला तुटकी वायर दाखवली, अंगणात पडलेली अँटेना दाखवली. त्याने सगळं नोंदवून घेतलं. म्हणाला, इतकं कायदा पाळणारं घर मी आयुष्यात बघितलं नाही. मला बरं वाटलं ऐकून. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

तो निघताना मेव्हिस उठून त्याच्या मागे दारापर्यंत गेली. त्याला ती मी कामाला होतो त्या टीव्हीच्या दुकानाचा मॅनेजर समजली. हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "साहेब, उद्या याला वर पाठवू नका हो. वादळ आहे. दुसऱ्या कुणालाही पाठवा, नाहीतर कुणालाच नको."

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. मग तिला म्हणाला, "नाही पाठवणार, बाई. शब्द देतो."

भला माणूस. वेड्याशी वेड्यासारखं बोलायचं त्याला जमलं.


१६ मे, शुक्रवार

दमलोय. मेव्हिस झोपत नाही, मलाही झोपू देत नाही. सकाळ झाली की खिडकीपाशी उभी राहून झाडं बघते. पान हलत नाहीये बाहेर, उन्हाने गवत पिवळं पडलंय, आणि ही मफलर गुंडाळून उभी. मी एकदा ओरडलो तिच्यावर. मोठ्याने. ती दचकून भिंतीला टेकली. माझ्या बायकोने मला घाबरून भिंतीला टेकावं!

नसरीन दुपारी कढी-भात घेऊन आली होती. संध्याकाळपर्यंत थांबली आणि टेप बघितली.

"अंकल, रोज हेच लावता?"

"एकच टेप आहे."

"पण यात रोजच उद्या वादळ आहे."

"मग?"

ती उठली. भांडं घेऊन गेली. जाताना म्हणाली, लायसन्सचे पैसे आम्ही भरले तर चालेल का. मी इतका चिडलो की आभार मानायचेही राहिले.


२० मे, मंगळवार

मेव्हिस हरवली होती. आता सापडली आहे. हॉस्पिटलमध्ये आहे. मी तिथून, हॅलिफॅक्सहून, आत्ताच परत आलो. नीट लिहिता येईल असं वाटत नाही, पण नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी ती खुर्चीत डुलकी घेत होती म्हणून मी दार ओढून ब्रेड आणायला गेलो. परत आलो तर खुर्ची रिकामी. तिचा हिवाळी ओव्हरकोट नव्हता. माळा बघितला, शेड बघितली, कालव्याकडे धावलो. धावलो म्हणजे काय, या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. मेव्हिस, मेव्हिस ओरडत होतो. कालव्याचं पाणी बघवत नव्हतं. देवाला इतक्या वर्षांत काही मागितलं नव्हतं, आज मागितलं.

नसरीनचा फोन आला. ती ज्या औषधाच्या दुकानात काम करते तिथून चार दारं पुढे आमचं जुनं टीव्हीचं दुकान होतं. आता तिथे नखं रंगवून देतात. मेव्हिस त्या दुकानासमोर रस्त्यात उभी होती, एवढ्या उन्हात ओव्हरकोट घालून, माझा मफलर गुंडाळून. मान वर करून छपरांकडे बघत ओरडत होती. आतल्या मुली तिला बसवायला बाहेर आल्या, पण ती छप्पर नीट दिसावं म्हणून मागे मागे सरकत गेली आणि फुटपाथवरून पाठीवर पडली. मनगट मोडलं, डोक्याला टाके.

मी पोचलो तेव्हा एक मुलगी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. हातातला टॉवेल लाल झाला होता.

"कोण आर्नल्ड?" तिने मला विचारलं. "सारखं म्हणतायत, आर्नल्डला खाली बोलवा, वारा सुटणार आहे. आम्ही म्हटलं, वर कुणी नाहीये. तर म्हणतात, तुम्हाला नाही माहीत, त्याला वाऱ्याचं काही कळत नाही, मीच सांगते त्याला रोज."

मी म्हटलं, आर्नल्ड मीच. मेव्हिसने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा छपराकडे बघायला लागली.


२१ मे, बुधवार

मला वाऱ्याचा अंदाज होता म्हणे!

सकाळी डबा हातात देताना ती म्हणायची, आज डोंगराकडे नको, बाजारातली कामं घे. रोज काहीतरी म्हणायची. मला वाटायचं बायकोची कटकट आहे, आणि दाराबाहेर पडेपर्यंत ते माझंच मत झालेलं असायचं. दुकानात मी छाती पुढे काढून सांगायचो, आज वरती जायचं नाही, माझं ऐका. संध्याकाळचं हवामान कोण बघत होतं? मी तर तेव्हा पबमध्ये असायचो. ट्रेव्हर नव्हता तेव्हा त्याच्या आधीचा कुणीतरी होता, आणि त्यालाही ती हेच विचारत असणार.

मी त्या माणसावर जळलो. लिनेट खरं बोलली होती. लायसन्स, अपमान, हात पसरणं, सगळं एका बाजूला, मला तो ट्रेव्हर घरातून घालवायचा होता. आणि मग महिनाभर रोज संध्याकाळी मी माझ्या बायकोला सांगत राहिलो की उद्या तुझा नवरा मरणार आहे.


२७ मे, मंगळवार

हॉस्पिटलात बैठक झाली. सगळे हळू आवाजात बोलतात, त्यावरूनच कळतं. मेव्हिसला आता घरात एकट्या म्हाताऱ्याच्या भरवशावर ठेवता येणार नाही. हेब्डन ब्रिजच्या बाजूला म्हाताऱ्यांची काळजी घेणारं एक होम आहे, तिथे सोमवारी खोली रिकामी होतेय. तोवर ती घरी राहील, गुरुवारपासून, लिनेट मदतीला येईल.

मी भांडलो नाही. भांडायला तोंड कुठे होतं? बाहेर गाडीत मात्र लिनेटसमोर ढसाढसा रडलो. पोरीने माझं डोकं खांद्यावर घेतलं.


२८ मे, बुधवार

लायसन्स भरलं. पूर्ण वर्षाचं.

"बाबा," भरायच्या आधी लिनेट म्हणाली, "अरे चार संध्याकाळींसाठी? होममध्ये बघेल ना ती टीव्ही."

"तिथे खोलीभर माणसं असतील. तिचा प्रश्न कोण ऐकून घेणार?"

"लायसन्सशिवायच अँटेना जोडून टाक मग. चार दिवसांत कोण येतंय बघायला?"

"नाही," मी म्हटलं. "तिला घाबरत घाबरत नाही बघू द्यायचं."

अँटेना घेऊन अंगणात गेलो, शिडीही काढली. डोंगराकडून वारा येत होता, फारसा नाही, पण होता. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. शिडी परत आत ठेवली. बाजारातल्या एका माणसाला फोन केला, त्याने उद्या सकाळी येऊन बसवून देतो म्हटलं. वारा पडला की मगच चढ, असं त्याला मी सांगितलं. काळजीपोटी असं कुणाला माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच सांगितलं.


१ जून, रविवार

उद्या दहाला गाडी येणार आहे. लिनेटने बॅग भरली. कपड्यांवर मेव्हिसच्या नावाच्या पट्ट्या शिवल्या, शाळेत जाणाऱ्या मुलाच्या शिवतात तशा. मला ते बघवेना म्हणून मी बटाटे सोलत बसलो.

या चार संध्याकाळींत तिने मला एकदाही ओळखलं नाही. गुरुवारी मी बॉयलरवाला होतो, काल चर्चमधला कुणीतरी. पण ट्रेव्हर आला, खराखुरा, टकला ट्रेव्हर, आणि तिने प्लॅस्टर घातलेला हात उचलून त्याला नमस्कार केला. तीन दिवस त्याने पाऊस सांगितला, थोडा वारा सांगितला. ती मान डोलावत राहिली, पण चेहरा सैल होत नव्हता.

आज साडेसहाला मी तिच्या शेजारी बसलो. टीव्हीकडे नाही, तिच्याकडे बघत.

"काय ट्रेव्हर," ती म्हणाली, "उद्या वारा आहे का?"

ट्रेव्हरने नकाशावरून हात फिरवला. उद्या स्वच्छ ऊन, डोंगरावरसुद्धा सगळीकडे शांत. झुळूकही नाही म्हणाला.

मेव्हिसने श्वास सोडला. किती महिन्यांचा कुणास ठाऊक, पण खांदे खाली आले तिचे. "बरं झालं सांगितलंत. गुडनाइट, ट्रेव्हर." मग ती माझ्याकडे वळली. तिने चांगला हात माझ्या हातावर ठेवला.

"तुम्ही भले दिसता. आमच्या आर्नल्डला एक निरोप द्याल?"

"देतो की."

"त्याला सांगा, उद्या वारा नाही. उद्या जा म्हणावं बिनघोर."

मी मान हलवली.

"नक्की सांगा हं," ती म्हणाली. "विसरू नका."